गफूरशेठचा माणूस

गफूरशेठच्या सरकी काढायच्या जिनिंगमध्ये कापसाच्या बैलगाड्या ट्रॅक्टरच्या आधी आत जायच्या, मागून आल्या तरी. ट्रॅक्टरवाले कुरकुरले की शेठ म्हणायचे, "बैलाले ऊन लागते रे बाबा. तुह्या ट्रॅक्टरले लागते का?"

हा नेम वरवट बकाल गावच्या पोराटोरांना माहीत होता. मला नव्हता. सातवीत शाळा सोडून वर्षानुवर्षं भटकत विसाव्या वर्षी मी भंडाऱ्याकडून इतक्या लांब आलो होतो. शेठनी नाव विचारलं, जेवलास का विचारलं आणि हातात दांडा देऊन फाटकावर उभं केलं. "रांग मोडू देऊ नोको," एवढंच सांगितलं.

तिसऱ्या दिवशी गावातल्याच रामदासभाऊंची बैलगाडी ट्रॅक्टरांच्या बाजूने पुढे आली. मी अडवली. ते म्हणाले, "नवा हायेस काय बे? सरक." मागचे हसले. नोकरी जाईल या भीतीने माझं डोकं फिरलं. मी दांडा हाणला. त्यांनी डावा हात आडवा घेतला, आणि मनगट मोडलं.

मी ऑफिसच्या कोपऱ्यात बसलो होतो. दिवाणजी कागद लिहून घेऊन आले. "शेठ, याले कालच कामावरून काढलं असं लिवलं. सही करा. आपला संबंध नाही."

शेठनी कागद हातातसुद्धा घेतला नाही. "काल? काल तर यानं माह्या डब्यातली भाकर खाल्ली."

"मारलं तर यानंच ना?"

"मारलं यानं. पन डंडा कोनं देला? मी. बैलगाडीचं सांगाले कोन भुलला? मी. मंग संबंध कसा नाही, दिवाणजी?"

पोलिसांपुढेही ते हेच बोलले. मला शिक्षा झाली, ती मी भोगली. पण दवाखाना त्यांनी केला, कोर्टाने सांगितलेली भरपाई बिनतक्रार दिली. मी सुटून आलो तेव्हा वाटलं, आता हाकलतील. त्यांनी सरकीच्या गोदामाची किल्ली पुढे केली. "फाटकावर नोको जाऊ आता," एवढंच म्हणाले.

रामदासभाऊंची बोटं मात्र पुन्हा मिटली नाहीत. दर शुक्रवारी नमाज झाली की शेठ त्यांच्या ओट्यावर जाऊन बसायचे. भाऊ कधी बोलायचे, कधी तोंड भरून शिव्या द्यायचे. शेठ ऐकून घ्यायचे आणि परत यायचे. एकदा मी म्हणालो, "मीही येतो." ते म्हणाले, "तू नोको. तुले पाहून त्याचा हात दुखन."

मला बरंच वाटलं. खोटं कशाला सांगू?

गेल्या हिवाळ्यात शेठ वारले. कब्रस्तानात माती देऊन आलो, पण पुढचा शुक्रवार उजाडला तसा जीव थाऱ्यावर राहीना. दुपारी मी रामदासभाऊंच्या ओट्यापाशी जाऊन उभा राहिलो. ते उजव्या हाताने बैलाला वैरण टाकत होते. त्यांनी मला ओळखलं.

"शेठ गेले," मी म्हणालो.

"मालूम हाये." बराच वेळ ते वैरणच टाकत राहिले. मग म्हणाले, "इतकी वर्सं मी त्यालेच शिव्या देल्या. तो घेत गेला. तुही आठवन बी नाही केली म्या." पेंढी खाली ठेवून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "आता तो नाही. बस तिथं."

मी बसलो.