मेंढरं असलेली रेकॉर्ड

सगळं जग कॅसेटकडं पळत होतं, तेव्हा, नव्वदीच्या सुरुवातीला, मी उलटा रेकॉर्डी गोळा करायला लागलो. याला रसिकता म्हणू नका. बारामतीत माझं रेडिओ-अॅम्प्लिफायर दुरुस्तीचं दुकान होतं आणि लग्नात स्पीकर लावणारे आपले जुने रेकॉर्ड प्लेअर माझ्याकडं टाकून जायचे. इतकी मशीनं पडलेली आणि त्यांवर फिरवायला काही नाही, हे मला सोसवेना.

इंदापूरच्या एका भंगारवाल्याकडं मी स्पीकरची चुंबकं शोधायला गेलो होतो. तिथं पुण्याच्या कुठल्याशा बंगल्यातून आलेल्या पोत्यात पाच परदेशी रेकॉर्डी निघाल्या. एका कव्हरवर जांभळ्या आभाळात उघडा डोळा तरंगत होता आणि अक्षरं काकवीसारखी ओघळली होती. मागचं बारीक इंग्रजी मी बोट ठेवून वाचलं. जॅझ, ध्यान, विश्व, आत्मा. हे चार शब्द एका जागी आले कसे, याचा विचार मला बारामतीपर्यंत पुरला.

पहिली रेकॉर्ड लावली आणि लगेच मशीन उघडून बसलो. मला वाटलं, पट्टा सैल झालाय. तंबोऱ्यासारखा एकच सूर लांबत चाललेला, मधेच वारा सुटल्यासारखं काहीतरी, आणि दहा मिनिटं झाली तरी गाणारा यायला तयार नाही. पट्टा ठीक होता. सुईही ठीक होती. यात गाणारा नाहीच आणि ते असंच असतं, हे पचायला मला आठवडा लागला.

मागच्या गल्लीत बँडपथकाचे म्हातारे मास्तर राहायचे. जन्मभर वरातीत क्लॅरोनेट आणि सॅक्सोफोन वाजवलेले. त्यांना बोलावलं. त्यांनी डोळे मिटून एक बाजू पुरी ऐकली.

"सॅक्सोफोन हाय," ते म्हणाले. "दम बी लई हाय गड्याचा. पर वरात कुठं न्यायची, ह्येच त्येला ठावं न्हाय." मग म्हणाले, "आन् त्येची त्येला फिकीर बी न्हाय. लाव दुसरी बाजू."

आता आबांचं सांगितलं पाहिजे. आबा म्हणजे माझे वडील. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं. आबांचं अर्धं आयुष्य इंदापूरकडच्या माळांवर गेलं. पुढं त्यांचे गुडघे गेले, सांगवीजवळच्या आमच्या तुकड्यात ऊस लागला आणि कळप विकायचं ठरलं. गिऱ्हाईक मी आणलं, सौदा मी केला, आणि कळप नेला त्या दिवशी मी दुकानात होतो. त्याला दोन वर्षं झाली होती. तेव्हापासून आबा माझ्याशी 'व्हय' आणि 'न्हाय' एवढ्यावरच भागवायचे. मेंढरं विकल्याचा राग असणार, असं मी धरून चाललो होतो, आणि मला उलट त्यांचाच राग यायचा. गुडघे धरून उठणाऱ्या माणसानं माळावर हिंडायचं तरी कसं?

तिसऱ्या रेकॉर्डच्या सुरुवातीला घंट्या होत्या. मेंढरांच्या गळ्यात असतात तशा, लहानमोठ्या, निरनिराळ्या आवाजाच्या. ही आबांना ऐकवावी असं मनात आलं. त्यांचे लाड करायचे होते की त्यांना डिवचायचं होतं, ते आजही सांगता येत नाही. एका रविवारी दुपारी मी लुनाला मशीन बांधून गावी गेलो.

आबा ओसरीवर दोर वळत बसले होते. सुई टेकली आणि त्यांचे हात थांबले. तारांचं कसलंसं वाद्य झुळझुळलं, सॅक्सोफोन कळवळला. आबांना त्याचं काही नव्हतं. ते बोटांवर काहीतरी मोजत होते.

"सात घंट्या," ते म्हणाले. "म्होरकीची जड हाय. मागं दोन कोकरं."

हळूहळू घंट्या लांब गेल्या. बाजू संपली, सुई नुसतीच खटखटत राहिली.

"उलट्या बाजूला परत येत्यात का?"

दोन वर्षांत त्यांनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. ती बाजू मी नीट ऐकलेली नव्हती. उलटून लावली. नुसताच एक खोल सूर; घंटी एकही नाही. आबा शेवटपर्यंत ऐकत राहिले. मला ते बघवेना. मी गुपचूप पहिलीच बाजू पुन्हा लावली आणि म्हणालो, "आली बघा, आबा."

"ही जात्यात," आबा म्हणाले. "पोट भरून येणाऱ्या मेंढराची घंटी निराळी वाजती."

मी सुई उचलली.

"जनावर द्यावं, घंटी देऊ न्हाय, लेका. ज्यानं सौदा केला, त्यानंच आपल्या हातानं सोडून घरात ठिवायच्या असत्यात. इकलीस त्येचं कायबी न्हाय. मी तुजी वाट बघत हुतो. गिऱ्हाईक घाई करत हुतं. घंट्यांसकट गेली. वढ्याच्या पल्याड जाईस्तोवर ऐकत हुतो मी."

रीत मला ठाऊक होती. लहानपणी मी ती बघितली होती, आणि कळप गेला त्या दिवशी कुणाच्या तरी अॅम्प्लिफायरला कथलाचा डाग देत बसलो होतो. इतकी लाज मला पूर्वी कधी वाटली नव्हती.

"आबा, चुकलं माजं," मी म्हणालो.

"ती चकती ठिवून जा," आबा म्हणाले.

दाराजवळ घंट्या अडकवायची एक बारीक लोखंडी खुंटी रिकामी होती. भिंतीला धरत ते उठले आणि रेकॉर्डचं मधलं भोक त्या खुंटीत अडकवलं. ओसरीच्या पत्र्याखालच्या झळीनं रेकॉर्ड आठ दिवसांत वाकडी होते, हे माझ्याइतकं गावात कुणाला ठाऊक नव्हतं. तरी मी रिकामं कव्हर काखेत मारून मशीन बांधायला लागलो, तेव्हा मागून आबा म्हणाले, "जेवून जा."