अध्यक्षांचं संग्रहालय

इतिहासाची कदर करणारा माणूस गावाला एखाद्या पिढीतच लाभतो. आमच्या भागाला तो लाभला, आणि त्याने इतिहासाच्या खोलीला कुलूप घातलं.

त्यांना सगळे अध्यक्ष म्हणत. बिरसीजवळच्या आपल्या गावात, धानाच्या जुन्या गोदामात त्यांनी संग्रहालय काढलं होतं. समितीत त्यांच्याशिवाय कोणीच नसल्यामुळे निवड बिनविरोध झाली होती. त्यांची बायकोसुद्धा दारात येऊन सांगे, "बसा जी, अध्यक्ष आंघोळ करून राहिले."

माझी त्यांची ओळख एका फोटोमुळे झाली. माझे बाबा तरुणपणी दंडारीत, म्हणजे दिवाळीनंतर मंडईच्या जत्रेत आमच्याकडे होणाऱ्या नाटकात, राणीचं काम करत. लग्नाआधीच त्यांनी ते सोडलं, त्यामुळे आईने त्यांना त्या वेषात कधी पाहिलं नाही. सासरच्या बायका मात्र तिला ऐकवत, "तुझ्यापरीस तुझा नवराच लुगड्यात साजरा दिसे." बाबा गेले. आईच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला, आणि गेलेली नजर परत येणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. अशात कळलं की त्या दंडारीचा एकमेव फोटो अध्यक्षांकडे आहे. आई म्हणाली, "एकडाव पाहू दे मले. खरं होतं का खोटं, समजू तर दे."

आमच्या कुडव्याहून गाडीवर तो काही लांबचा पल्ला नाही. पण अध्यक्षांचा एक नियम होता. "पाहुणा आला न् सत्कार नाही झाला, तर मंग संग्रहालय कायचं?" मला शाल मिळाली, नारळ मिळाला, भाषण मिळालं. बिरसीच्या धावपट्टीवरून उठलेलं शिकाऊ वैमानिकांचं विमान डोक्यावर आलं की अध्यक्ष थांबत, ते दूर जाईपर्यंत आदराने वर पाहत, आणि तेच वाक्य पहिल्यापासून सुरू करत. शिकाऊ वैमानिक मेहनती असतात.

मग पुढची खोली पाहिली. धान कांडायची एक ढेकी, ते मोजायच्या काही पायल्या, आणि ढेकीपेक्षा मोठा संगमरवरी दगड, ज्यावर पुढच्या खोलीच्या उद्घाटकांची नावं होती. फोटो मागच्या खोलीत होता. मागच्या खोलीचं उद्घाटन व्हायचं होतं.

"कधी आहे?"

"मोठ्या पाहुण्याची तारीख भेटून नाही राहिली."

"मला दोनच मिनिटं आत जाऊ द्या."

अध्यक्षांना वाईट वाटलं. "तुमी शिकले-सवरलेले, न् असं बोलता? हळद लागाच्या आंधी वरात काढते का कोणी?"

पुढच्या वेळी आईलाच नेलं. तिला पाहून तरी ते विरघळतील असा माझा हिशेब होता. ते विरघळले. बायकोला हाक मारून त्यांनी आईचाही शाल-नारळ देऊन सत्कार करवला. परतताना आई मागच्या सीटवरून म्हणाली, "माणूस चांगला आहे. कुलूप वाईट आहे."

तिसऱ्यांदा मी न कळवता गेलो. अध्यक्ष लुंगीवर उघडेच बसले होते. घरात शाल सापडेना, तेव्हा त्यांनी वाळत घातलेला ओला दुपट्टा माझ्या गळ्यात घातला. तिथे माझा तोल गेला. "अध्यक्ष, तुमचा मोठा पाहुणा येईपर्यंत माझी आई थांबेल. तिचे डोळे नाही थांबणार!"

त्यांचे डोळे भरून आले. माझा हात धरून म्हणाले, "तुमी कायले तरास करून घेता जी? त्या फोटोसाठी तुमी किती चकरा मारून राहिले, मी पाहून नाही राहिलो का? त्याचा मान मी ठेवतो."

मोठ्या पाहुण्याने अखेरपर्यंत तारीख दिली नाही. अध्यक्षच एका सकाळी अचानक गेले. शोकसभा गोदामातच झाली. सभा संपल्यावर त्यांच्या बायकोने मागच्या खोलीचं कुलूप काढलं आणि आईला म्हणाली, "पाहून घ्या बाई. आता कायचं उद्घाटन?"

आईने फोटोच्या काचेला नाक लावलं. राजा होता, प्रधान होता, ढोलकीवाला होता. राणीच्या चेहऱ्यावर कागदाची एक रुंद पट्टी चिकटवलेली होती. तिच्यावर अध्यक्षांच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं, 'या छायाचित्रासाठी वारंवार आलेले आदरणीय पाहुणे', आणि खाली माझं नाव.

"कुठं आहेत?" आईने विचारलं.

"मधात. माझ्या नावाखाली."

"काऊन?"

"माझा सन्मान केला त्यांनी."

आई बराच वेळ पाहत राहिली. लुगड्याचा काठ, बांगड्या, पाय. "पाय तर त्यायचेच आहेत," ती म्हणाली. "बाकीचं कसं सांगू?"

मी चौकट उघडून पट्टीचा कोपरा नखाने उचलून पाहिला. पट्टीबरोबर फोटोही सोलून येऊ लागला, तेव्हा परत दाबून ठेवला. अध्यक्षांनी खळ घरीच शिजवली होती. ती उत्तम धरते.