फ्लॉरेन्समधलं ‘व्हय’

“दत्तूकाका गेले,” असा चुलतभावाचा फोन आला आणि मी विचारलं, “कुठं?” खानदानात मंदपणाचा मान माझ्याकडेच आहे, पण या वेळी थोडा दोष काकांचाही होता. मंद्रूपचा हा माणूस सत्तरच्या दशकात सोलापूरच्या कॉलेजातून उठला आणि शिष्यवृत्तीवर चित्रकला शिकायला थेट इटलीत, फ्लॉरेन्सला गेला. तेव्हापासून काका गेले म्हटलं की घरात ‘कुठं?’ हेच विचारायची सवय...

निघताना आमच्या आजोबांनी, आबांनी, बजावलं होतं, “अर्ध्यात परत आलास तर बुरूश ठेवायचा आन् बैलामागं जायचं. मग रडायचं न्हाय.” तिकडच्या गुरुजींनीही काकांना सहा महिन्यांच्या बोलीवरच घेतलं होतं. काम पटलं तर ठेवणार, नाहीतर घरी. काका सांगायचे, “जिकडं बघावं तिकडं थोरामोठ्यांची कामं. आपन साधी रेघ मारायची म्हटलं तरी चोरी केल्यागत वाटायचं की!”

सहा महिने सरले. गुरुजींनी चित्रं पाहिली, मान डोलावली आणि विचारलं, “इथं राहायचंय ना तुला?” एवढी इटालियन काकांना कळत होती. जीव भांड्यात पडला आणि तोंडातून थेट मंद्रूप बाहेर आलं, “व्हय! व्हय!” गुरुजी लालबुंद झाले आणि ताडताड निघून गेले. त्यांच्या भाषेत ‘वाय’ म्हणजे ‘जा’! पोरगं आपल्यालाच हाकलतंय, असं त्यांना वाटलं.

वर्गातल्या मुलांनी हा घोटाळा सांगितल्यावर काकांना बैलच दिसायला लागले. बोलायची तर सोयच उरली नव्हती. मग त्यांनी कोळसा घेतला आणि चित्र काढलं... आई भाकरी पुढं करतेय, पोरगं ताट धरून बसलंय, त्याच्या तोंडाजवळ तिकडच्या लिपीत ‘व्हय’. शेजारच्या चित्रात भाकरी ताटात. गुरुजींनी कागद बराच वेळ पाहिला आणि इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसायला लागले. मग पाठीवर थाप मारून स्वतःच म्हणाले, “व्हय!”

काका राहिले, शिकून परतले, आणि लग्नानंतर त्याच खड्ड्यात उलट्या बाजूनं पडले. काकी विचारायची, “आमटी बरी झालीय का?” काका होकारासाठी तिकडच्या सवयीनं म्हणायचे, “सी!” काकीला ऐकू यायचं, “शी!” दोन दिवस अबोला. अखेर काकांनी तोंडी उत्तरं बंद केली. जेवण झालं की चुलीतला कोळसा घेऊन भिंतीवर काढायचे. आवडलं तर भरलेली वाटी, नाहीतर पालथी.

परवा मी काकीकडं गेले, तर घराला रंग चालला होता. रंगाऱ्यानं स्वयंपाकघरात येऊन विचारलं, “हीबी भिंत मारू का?”

“न्हाय,” काकी म्हणाली. “तेवढी सोड.”

भिंतभर भरलेल्या वाट्या होत्या, एकीवर एक, छतापर्यंत. कोपऱ्यात मात्र एकच पालथी. मी जवळ जाऊन निरखून पाहायला लागले.

“तिला काय बघतीस?” काकी म्हणाली. “मी माहेरी गेल्ते, तवा आमटी तूच केल्तीस की!”