फरशीतला शाळिग्राम

अनुया दातार पुण्यात भूशास्त्रात एम.एस्सी. झाली आणि त्याच वर्षी लग्न होऊन सिंगापूरला आली. नवरा, श्रीराम, जहाजावर इंजिनियर. म्हणजे वर्षातला निम्मा काळ तो पाण्यावर आणि ही सेम्बावांगच्या फ्लॅटमध्ये. नव्या गावात तिने हौसेने दगड शोधले, पण इथे जमीन म्हणून जे काही होतं, ते बहुतेक काँक्रीटखाली गेलेलं. कॉलेजातला हातोडा शेवटी नारळ फोडायच्या कामी आला.

मग बऱ्याच वर्षांनी एका शनिवारी बुओना व्हिस्टाच्या मॉलमध्ये, लेक इरा दुकानात बूट बघत असताना, बाहेर उभ्या अनुयाला फरशीत चकली दिसली. चांगली तळहाताएवढी, वेढेदार. ती चटकन गुडघ्यांवर बसली, बोट जिभेला लावून ओलं केलं आणि दगडावरून फिरवलं. ओल लागताच वेढ्यांमधले कप्पे स्वच्छ उमटले. अमोनाइट. पंधरा कोटी वर्षांपूर्वी समुद्रात पोहणारा शंखवाला जीव.

"आंटी, यू ओके ऑर नॉट?" सिक्युरिटीवाला रहीम धावत आला. त्याला वाटलं, बाई पडली.

"मम्मी, गेट अप लाह," इरा दुकानाच्या दारातून म्हणाली. "एव्हरीबडी लुकिंग."

पण मम्मी आता कसली उठते. त्या मजल्यावरची फरशी तिने आठवडाभरात पालथी घातली. मग महाराष्ट्र मंडळातल्या मैत्रिणींना घेऊन गेली, पाण्याची स्प्रे बाटली पर्समध्ये टाकून. त्यांतल्या चैत्रालीबरोबर तिच्या सांगलीहून आलेल्या सासूबाईही होत्या. त्यांनी ती ओली चकली पाहिली आणि चपला काढल्या.

"अगंबाई, हा तर शाळिग्राम! आणि लोक वरून चालतायत?"

"काकू, शाळिग्राम म्हणजेसुद्धा हाच प्राणी, दगड झालेला," अनुया म्हणाली.

काकूंनी मान डोलावली आणि केसांतलं फूल काढून फरशीवर वाहिलं. दुसऱ्या दिवशी त्या एकट्याच एमआरटी मेट्रोने येऊन आणखी दोन वाहून गेल्या.

आठवड्याने अनुयाला मॉलच्या ऑफिसातून बोलावणं आलं. श्रीराम तेव्हा कुठल्याशा समुद्रात होता, फोन लागेना. नाही नाही त्या शंका घेऊन ती मिस लिम नावाच्या मॅनेजरबाईंसमोर बसली.

"तुम्ही इथे देऊळ काढताय, अशी तक्रार आहे," मिस लिम इंग्रजीत म्हणाल्या. "त्याला परमिट लागतं."

अनुयाने नकार द्यायला तोंड उघडलं आणि मग ते मिटेचना. आपल्याकडे ह्या दगडात विष्णू दिसला, तिने सांगितलं, तर इंग्लंडात लोकांना वेटोळं घातलेला साप. तिथले बिलंदर कारागीर त्याला सापाचं डोकंही कोरून विकायचे. दगडात सापडणाऱ्या त्रिकोणी दातांना युरोपात सापाच्या जिभा म्हणत. मग इटलीत स्टेनो नावाच्या डॉक्टरपुढे एका अवाढव्य शार्कचं मुंडकं आलं. त्याने जबडा उघडून नीट पाहिलं आणि म्हणाला, ह्या जिभा नाहीत, दात आहेत.

"बस, एवढंच?" मिस लिमनी विचारलं.

"एवढंच. पण त्याआधी तसं नीट पाहून सांगणारे फार थोडे होते."

मग गोष्टीत इंग्लंडातली मेरी ॲनिंग आली. सुताराची पोर, जेमतेम शिकलेली. पोरवयात तिने समुद्रकाठच्या कड्यातून प्रचंड जलचराचा सांगाडा काढला. पुढे मोठमोठे विद्वान तिच्याकडून जीवाश्म विकत घ्यायचे, त्यावर लेख लिहायचे आणि तिचं नाव गाळायचे. त्यांच्या संस्थेत बायकांना प्रवेशच नव्हता. हे सांगताना अनुयाचा आवाज जरा चढला. स्वतःची पीएच.डी. राहून गेली, ह्याचं इतकं वाईट आपल्याला वाटतं, हे तिलाच तिथे कळलं.

मिस लिमनी चहा मागवला. आठ वर्षं त्या फरशीवरून जात होत्या, त्यांना ते डिझाइन वाटलं होतं.

तोडगा असा निघाला: फुलं बंद, पाणी बंद आणि शाळेच्या सुट्टीत मुलांना हे सगळं अनुयाने दाखवायचं. काकूंना लांबून नमस्कार करायची मुभा मिळाली.

पहिल्याच दिवशी वीसेक मुलं आली आणि टॉर्च घेऊन पोटावर पसरली. गिऱ्हाईकं त्यांना वळसा घालून जात होती, रहीम वाहतूक सांभाळत होता. अनुया चकलीबद्दल सांगत असताना सरकत्या जिन्यापाशी एका चिनी मुलीने हाक मारली. तिला बंदुकीच्या गोळीसारखं काहीतरी लांबट, टोकदार दिसलं होतं. माखलीचा, म्हणजे स्क्विडचा, जुना चुलता, बेलेम्नाइट. एवढी फरशी पालथी घालूनही अनुयाच्या नजरेतून तो सुटला होता.

"कोणी शोधला म्हणून सांगायचं?" मुलीने विचारलं.

"तू," अनुया म्हणाली. "नाव सांग बघू तुझं पूर्ण." आणि साडी सावरत तीही तिच्या शेजारी पालथी पडली.