तोराच्या ढिगातले दगड

"गाव कुठं आहे हो?" गवताळ माळाचं राष्ट्रीय उद्यान बघायला आलेली माणसं गाडीची काच खाली करून तोरा ओस्टबीला विचारत.

"गावातच उभे आहात," तोरा म्हणे. चर्च आहे, पोस्ट आहे, एकवीस माणसं आहेत. यात न कळण्यासारखं काय, हे तिला कधी समजलं नाही.

जूनमध्ये डेल्फीन आली तेव्हा मात्र गोंधळायची पाळी तोराची होती. डेल्फीन उद्यानाच्या कचेरीतली; नाकोटा, म्हणजे या माळावरच्या मूळ रहिवाशांपैकी. तोराचं पश्चिमेचं शेत ऑक्टोबरात उद्यानाकडे जायचं होतं, म्हणून ती नकाशा घेऊन आलेली. शेजारच्या मर्लच्या कुरणावर तिनं पेन्सिलीनं गोल काढले होते.

"ही दगडांची कडी. आमची माणसं तंबूच्या काठावर दगड ठेवायची, वाऱ्यानं उडू नये म्हणून. तुमच्या शेतात एकही कसं नाही, तेच कळत नाही."

तोराची कॉफी हातातच राहिली. होती तर. दोन होती. अकरा वर्षांची असताना ती त्यांत घर-घर खेळायची. दर वसंतात नांगरणीआधी सगळं घर दगड वेचायला शेतात उतरे, आणि त्या वर्षी तिनंच हाक मारली होती, "बाबा, इकडे या, इथं सगळे एकाच ठिकाणी आहेत." बाबांनी पाठ थोपटली. दगड बांधावरच्या ढिगात गेले.

डेल्फीन नकाशा गुंडाळून गेली. पण दोन दिवस तिच्या डोक्यात एकच भुंगा: जमीन जायच्या आत निदान एक कडं होतं तसं मांडायचं. तिसऱ्या दिवशी तिनं डेल्फीनला फोन करून सगळं सांगितलं आणि मर्लला गाडी घेऊन बोलावलं.

"जन्मभर दगड काढलेस," मर्ल म्हणाला, "आता पेरायला निघालीस?"

"तू गपगुमान उचल."

"कुठला उचलू? हजारभर असतील. एकाच्याही कपाळावर नाव नाही."

सात दगड शेतात आणले. तोरा म्हणाली, "इथं." चार पावलं पुढं गेली. "नाही, तिथं." मग मागं वळून टेकडीकडे बघत राहिली. लहानपणी ती टेकडी केवढी उंच वाटायची, तीच जागेची खूण होती. आता सगळंच सपाट दिसत होतं.

डेल्फीननं हातातला दगड खाली ठेवला. "थांबूया, तोराबाई. उगाच कुठंतरी मांडलं तर लोक येऊन फोटो काढतील, आणि ते खरं नसेल."

"मग मी काय करू? मीच दाखवले होते बाबांना."

"अगं, पोर होतीस," मर्ल म्हणाला.

डेल्फीन तसं म्हणेल म्हणून तोरा थांबली. डेल्फीननं वाकून एका दगडावरची माती पुसली.

"हे ढिगावर नेऊ, की इथंच असू देत?" तोरानं विचारलं.

"मला माहीत नाही. आईला विचारते. तिलाही ठाऊक असेलच असं नाही."

जेवताना तोरानं नेहमीसारखे हात जोडले. 'प्रभो, तू आम्हाला दिलेल्या या भूमीबद्दल' इथवर आली आणि डेल्फीनचे पेन्सिलीचे गोल आठवून अडली. ते वाक्य गाळून तिनं बाकीची प्रार्थना उरकली. घास तोंडात घेतला, आणि आपण देवाशी नीट वागलो की वाईट, हेच तिला कळेना.