कापसाच्या खोलीत कोण झोपतं

एप्रिल नुकता लागला होता आणि सकाळी आठलाच यवतमाळचं ऊन डोक्यावर बसून पाय हलवायला लागलं होतं. संघदीप हातात रबरी पाइप धरून कॉलमला गुंडाळलेल्या गोणपाटावर पाणी मारत होता. आर्किटेक्टनं तराई करायची नसते. पण लालसिंग मिस्त्रीचा तराईवाला साळीच्या लग्नाला पळाला होता, आणि सुकणारा कॉलम कोणाची डिग्री बघत नाही.

"साहेब, पाणी कॉलमवर मारा, माह्यावर नोका मारू," लालसिंग खालून ओरडला.

संघदीपला आर्किटेक्ट असं कोणी म्हणतही नसे. तो 'नकाशेवाला इंजिनेर'. इतक्या वर्षांत त्याचा धंदा म्हणजे नगरपालिकेतून नकाशा पास करून देणे, आणि लोकांनी मोबाइलात दाखवलेल्या पुण्याच्या बंगल्याचं तोंड यवतमाळच्या घराला चिकटवून देणे. गेटवर सिंहाची मुंडकी, पश्चिमेला काचेची भिंत. मग उन्हाळ्यात मालक आत पापडासारखा भाजला की शिव्या द्यायला फोन पुन्हा ह्यालाच.

त्याला नाद एकच, हवेचा. खिशात एकवेळ पेन नसेल, पण अगरबत्तीचा पुडा असायचाच. कोणाच्याही घरी गेला की मधोमध उभा राहून अगरबत्ती पेटवायचा आणि धूर कुठं जातो ते तोंड उघडं टाकून बघायचा. लोकांना वाटे, बरा वास्तुवाला आहे. रविवारी बायको विहारात चला म्हणे, तर हा मोटारसायकल काढून झरी जामणीकडं कोलाम आदिवासींची कुडाची घरं बघायला पसार. "विहारात लावाले घरात एक अगरबत्ती सापडत नाही," साधना म्हणायची, "लोकायच्या संडासात लावता!"

सगळंच्या सगळं स्वतःच्या डोक्यानं बांधलेलं घर त्याच्या नावावर एकच होतं, बोरी अरब गावातलं घनश्यामरावांचं. दुसरं मिळेल का, ते आज कळंबचे सदाशिवराव ठरवणार होते. तेवढ्यात फोन आलाच.

"इंजिनेर साहेब, निघालो आमी कळंबहून," सदाशिवराव म्हणाले. "बोरीचं घर पाह्यतो. पसंत पडलं तं काम तुमाले. नाई तं माह्या साळ्याच्या पोट्ट्याले."

साळ्याच्या पोट्ट्याकडे मोबाइल भरून सिंह होते. संघदीपनं पाइप लालसिंगच्या हातात दिला आणि किक मारली.

बोरीच्या घरातला हॉल म्हणजे त्याचा जीव. दोन मजले उंच छत, बुटक्या खिडक्या, खिडकीतच बसायला ओटा. पण कापसाची खोलीसुद्धा त्यानं तेवढ्याच मनानं काढली होती. भाव येईपर्यंत कापूस घरातच भरून ठेवायचा, आणि त्यातल्या किड्यांनी उन्हाळाभर घरादारानं खाजवत बसायचं, हे त्यानं लहानपणी स्वतःच्या अंगावर शिकलेलं. म्हणून घरामागं वेगळी खोली, उंच जोत्यावर, ट्रॉली लागेल एवढं दार, छताखाली चारी बाजूंनी झरोके.

घनश्यामरावांच्या बायकोनं, बेबीताईंनी हॉलचं दार उघडलं आणि संघदीपच्या पायांवर कापूस घरंगळला. आत खिडक्यांच्या वरपर्यंत पांढरा डोंगर. ओटाबिटा सगळा गडप.

"बेबीताई, हे काय?"

"कापूस."

"ते दिसून राह्यलं मले. इथं काहून? कापसाची खोली कुठं गेली?"

"तिथं बंटी अन् सलोनी झोपतेत. लग्न झाल्यापासून." बेबीताई अगदी कौतुकानं सांगू लागल्या, "कूलर लागत नाही, भाऊ! एवढी हवा कापसाले देऊन का करता? कापसाले का घाम येते?"

"अन् हॉल?"

"हॉलमध्ये कोन बसते? पाव्हणे आले तं खाट टाकतो लिंबाखाली."

पाव्हण्यांना आधी मागच्या बाजूनं फिरवावं, असा बेत संघदीपच्या डोक्यात शिजत होता, तोवर गाडी दारात थांबलीसुद्धा. सदाशिवराव पांढऱ्याशुभ्र कपड्यांत उतरले, मागून विमलताई, त्यांची बायको. घनश्यामराव लगबगीनं सामोरे गेले.

"चाला, हॉल दाखवा पहिले," सदाशिवराव म्हणाले आणि थेट आत घुसले.

संघदीपनं डोळे मिटले. पण सदाशिवराव चिडले नाहीत. त्यांनी वाकून कापसाचा एक पुंजका उचलला, धागा ओढून बघितला. "घनश्यामराव, माल चांगला हाय हो! काहून ठेवला अजून?" आणि मांडी ठोकून कापसातच बसले. घनश्यामरावही शेजारी बसले. भाव, व्यापारी, सरकार, पुन्हा भाव. घराचं नाव नाही. संघदीप दाराशी न पेटवलेली अगरबत्ती हातात घेऊन उभा, एखाद्याच्या तेराव्याला आल्यासारखा.

मग सदाशिवरावांनी मान खाजवली. मग पाठ. मग चारचौघांत जिथं खाजवू नये तिथं दोन्ही हातांनी. ते ताडकन उठले.

"हा का हॉल हाय? बाप्पा, पुरं अंग पेटलं माह्या! यापेक्षा साळ्याचा पोट्टा बरा! विमल, चाल!"

विमलताई कुठं होत्या? न्हाणीघरात नाही, गाडीत नाही, लिंबाखाली नाही. शेवटी सापडल्या कापसाच्या खोलीत. बंटीच्या पलंगावर, सलोनीची उशी पोटाशी धरून, घोरत. दारात सलोनी, घरची नवी सून, हातात कंगवा घेऊन उभी होती. धड हसताही येईना, उठवताही येईना. संघदीपनं सवयीनं हातातली अगरबत्ती पेटवली. धूर उंबऱ्याशी जरा वाकला आणि सरळ वर जाऊन झरोक्यातून निघून गेला. तेवढ्यातही त्याला बरं वाटलं.

"अवं उठ! चाल घरी."

विमलताईंनी एक डोळा उघडला. "तुमी जा. मी नाई येत."

"मले खाज सुटली ना!"

"तं कापसात कायले बसले? सोफा समजले का?" त्या उठून बसल्या. "कळंबात रातभर कूलरचा खडखड ऐकतो आपण, अन् हे पोट्टे पाहा कसे ऐश करून राह्यले. ओ इंजिनेर भाऊ, आमाले अशा दोन खोल्या काढा. एक ह्यायच्या कापसाले, एक मले."

"अन् मी?" सदाशिवराव खाजवायचे थांबले.

"तुमी हॉलमध्ये. साळ्याच्या पोट्ट्याचा सिंह राहीन ना सोबतीले."

घनश्यामराव खो खो हसले. सदाशिवरावांनी सगळ्यांकडे बघितलं, मग बायकोकडे, आणि पाठ चौकटीवर घासत घासत म्हणाले, "काढा भाऊ नकाशा. घरात राह्यचं हाय मले."

संघदीप निघाला तेव्हा सलोनी गेटपर्यंत मागं आली. इकडंतिकडं बघून हळूच म्हणाली, "दादा, एक काम करा. त्यायच्या खोलीले कडी आतून लावा. कापसाची म्हणून तुमी आमची बाहेरूनच लावली. दाराले रोज रातच्याले आतून कपड्यायची पेटी टेकवतो आमी."

संघदीपचे कान लाल झाले. हवेचा एवढा विचार केला, कडीचा नाही केला. त्यानं तळहातावर पेनानं लिहिलं, कडी आतून. आणि मोटारसायकलला किक मारली.

साइटवर पोचला तेव्हा गोणपाटं वाळून कोळ झाली होती. लालसिंग सावलीत तंबाखूचा खर्रा घोटत बसला होता.

"भेटलं काम?"

"भेटलं."

"मंग खाजवून काहून राह्यले?"

संघदीपनं पाइप उचलला, नळ सोडला, पाणी आधी स्वतःच्या पाठीवर घेतलं आणि मग कॉलमवर.