खेचराची पोळी

मेडशीजवळच्या आमच्या गावात फौजेतून परतलेले एक काका होते. घरी बैल नव्हते, तरी पोळ्याला ते आमच्या बैलांना पुरणपोळी भरवायला यायचे. का, ते मी कधी विचारलं नाही. मी तेव्हा शाळेत नवा मास्तर, दीडशहाणा. सव्वीस जानेवारीला त्यांना पोरांसमोर उभं केलं आणि विचारलं, "काका, लढाईत तुमी किती मारले?"

"एक," ते म्हणाले.

"मंग सांगा ना पोराईले!"

"माह्यं खेचर. पहाडावरच्या चौकीवर राशन नेत होतं. बर्फात पाय मोडला. सायेब म्हणे, गोळी घाल. माह्या हातातून दाणे खाऊन राह्यलं होतं, तवाच घातली."

पोरं हसली. खरं तर आधी मी हसलो, माझ्याकडे पाहून ती हसली. वर मी म्हणालो, "म्हंजे दुश्मन एकबी नाही?"

त्या वर्षी पोळ्याला काका आले नाहीत. पुन्हा कधीच आले नाहीत. आता ते या जगात नाहीत.

बैलांना पोळी आता मीच भरवतो. खरखरीत जीभ तळहाताला लागली की मला बैलाच्या डोळ्यांत बघवत नाही.